टर्बोला घोंगडी

कोइमतूर
१८ नोव्हेंबर २०२४

मामा,

म्हणजे पाईप तुमचा आणि पाने पुसणारा मी, हेच ना अजून? शिरूरला गाड्यांचं फॅन्सी सामान विकणाऱ्या रुद्रनं व्हिडिओ पाठवला. तुमच्या गॅरेजच्या दुकानात लाल गाडीचं बॉनेट उघडं, आत चकचकीत पाईप, त्यावर पिवळं स्टिकर : हनुमंत पाईप. आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय, "सहा महिने झोपलो न्हाई ह्याच्यापायी." मामा, ते सहा महिने तुम्ही दुपारीसुद्धा झोपत होता. तुमच्या घोरण्यावर मी कटर चालवायचो.

कंपनीची रबरी नळी वळ्यावळ्यांची असते, तिच्यात हवा अडखळते, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला दम लागतो, ती काढून गुळगुळीत पाईप टाकू, टोकाला उघडा फिल्टर, हे कोण म्हणालं? पत्र्याचा पहिला नमुना कुणी वाकवला? माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे, तुमचे दोन्ही अंगठे पुढं करून दाखवा. गेल्या सालच्या दसऱ्याला अवजारांची पूजा झाली, पन्नास माणसं चहाला होती, कुणीतरी विचारलं की हे डोकं कुणाचं. तुम्ही छातीवर हात ठेवला. वर माझ्याकडं बोट केलं, "ह्यो? ह्यो पानं पुसतो." सगळे हसले. मी पण हसलो. त्याचाच राग जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो ते इथं. इथं नुसत्या हवेच्याच सामानाचा कारखाना आहे, टर्बोच्या गाड्यांचा. मालक गाडी रोलरवर चढवतो, किती ताकद वाढली ते स्क्रीनवर दिसतं. तुमचा, म्हणजे माझा, पाईप मी परत बनवून चढवला. सहा हॉर्सपॉवर वाढली. इंजिन तापलं की त्यातली चार गेली, कारण उघड्या फिल्टरला इंजिनचीच गरम हवा मिळते. हे तुम्हाला माहीत नाही. मला तरी इथं येऊनच कळलं.

आता नवीन सामान करतोय. रुद्रच्या दुकानात ठेवणार, माझ्या नावानं. तुमचे पाईप भंगारवाला किलोवर नेईल तो दिवस मला बघायचाय. टाळायचं असेल तर एकच करा. दसऱ्याला जी माणसं होती त्यांच्यासमोर म्हणा, पाईप सुदर्शनचा. तेवढंच.

आईला यातलं काही बोलू नका.

सुदर्शन


दौंड
२९ नोव्हेंबर

सुद्या,

कागद पोचला. फोनवर शिव्या देतोस म्हणून तुझा नंबर बंद केला. लिहिताना माणूस निम्म्या शिव्या गाळतोय म्हणून कागदावर लिही म्हणालो, तर तू एक बी गाळली न्हाईस. मला लिहायचा कटाळा हाय, मी बोलतोय आन् तुझी मामी उतरून घेतीय.

पाईप म्हंजी काय रं? नळी हाय ती. आठवीतनं तुला मास्तरनं हाकलला तवा आक्का रडत माझ्या दारात आली. वडगाव रासाईत मेंढरं उरली पंचवीस, त्यात तुझं काय भागणार हुतं? पाना कुठनं धरायचा ते म्या दाखवलं. दुकानावर पाटी माझी, लाईटबिल माझं, पोलीस आला तर फुडं मी. मग स्टिकर काय तुझं लावू?

आन् तुझ्या त्या पाईपात खोट हाय. कारखाने चालू झाल्यात. कुरकुंभ रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या दिवसभर, नुसता धुरळा. तो उघडा फिल्टर आठ दिसात मातीनं भरतोय. तळेगाव ढमढेऱ्याचा सोपानराव, तोच लाल गाडीवाला, शेवंती घिऊन मार्केटला जातोय, तो दर आठवड्याला येऊन फिल्टर झटकून घेतोय. म्हणतोय, "हनुमंतराव, पाईप घेतला का म्हैस घेतली? रोज धुवायचं." एवढा रोलरवर चढलायस तर सांग, धुरळ्याला काय करायचं. न्हाई जमत तर इडली खा आन् गप बस.

हनुमंत मामा

(सुदर्शन, "गप" च्या आधी यांनी एक शब्द सांगितला तो मी लिहिला नाही. जेवत जा वेळेवर. — प्रगती मामी)


कोइमतूर
८ डिसेंबर

मामा,

वाचा आणि जळा. रुद्रच्या दुकानात काय काय येणार ते सांगतो.

फिल्टरभोवती दुहेरी पत्र्याचा डबा, मध्ये बोटभर पोकळी, म्हणजे इंजिनची झळ आत जात नाही. डब्याला तोंड पुढच्या जाळीमागं, थंड हवा सरळ आत. तोंडाच्या तळाला करंगळीएवढं भोक, पाणी शिरलं तर गळून जाईल. त्या वळ्यांच्या नळीच्या जागी सिलिकॉनचा वाक. पत्र्यासारखा खडखडत नाही आणि तापला तरी आतून गुळगुळीत राहतो. हे तर इथं सगळेच करतात. माझं डोकं पुढं आहे.

धुरळ्याला काय, विचारलंत ना. इथले फिल्टर सुती जाळीचे. मालक त्यावर तेल फवारतो, कारण तेलकट धाग्याला धूळ चिकटते. मी बघत होतो आणि मला घरचं कातरण आठवलं. मेंढ्या कातरून झाल्या की कोपरापर्यंत हात तेलकट. आपल्या लोकरीला तेल देवानंच फवारून दिलंय. आईकडून अडीचशे ग्रॅम मागवली, न धुतलेली, फक्त काटे-कुसळं वेचून. जाड सूत, विरळ वीण, दोन पदर, आणि फिल्टरवर टोपीसारखी ओढली. मालकाच्या गाडीला लावून नऊशे किलोमीटर झाले. आतला फिल्टर पांढरा. ताकद एकानं पण कमी नाही. मालक हसायचा बंद झाला.

तुम्हाला जन्मभर मेंढरांनी वेढलंय, तुम्हाला सुचलं नाही. पाने पुसणाऱ्याला सुचलं.

सोपानरावांना सांगा, जानेवारीत शिरूरला रुद्रकडं या. येताना तुमचा पाईप काढून आणा, आम्ही वजनावर घेऊ.

सुदर्शन


दौंड
१७ डिसेंबर

सुद्या,

मामीनं वाचून दाखवलं, मी हसून चहा सांडला. गाडीला घोंगडी! उद्या टायरला पायताण घालशील. रुद्र लावंल ते, त्याला काय, तो गाडीला लिंबू-मिरची बी फॅन्सी म्हणून इकतोय.

पण लोकर लईच मऊ असती. टर्बो वढायला लागला की ती फिल्टरच्या आत वढून जात न्हाई का? न्हाई म्हणजे आपलं इचारतोय. ताठ कशी ऱ्हाती? आन् दोन पदर म्हणतोस ते एकावर एक का शिवून? तोंडाला नाडी घालायची का रबर? काळ्या मेंढीची का पांढऱ्या?

हसू येतंय म्हणून इचारलं. दुसरं काय न्हाई.

हनुमंत मामा


कोइमतूर
२६ डिसेंबर

मामा,

तुम्ही पहिल्यांदाच नीट विचारलंत, बरं वाटलं. राग किती दिवस धरायचा.

दोन्ही पदर शिवून घ्यायचे. तोंडाला रबर. रंगाचं काही नाही. आणि तुम्ही ताठपणाचं बरोबर ओळखलंत. नुसती लोकर आत ओढली जाते. तिला खळ द्यायची. आपण घोंगडीला देतो तशीच, चिंचोक्याची, दोन हात. न धुतलेल्या लोकरीवर बसणार नाही असं वाटेल, पण गरम गरम चोळली की बसते. उन्हात वाळवली की टोपी डब्यासारखी उभी राहते. खळ नसलेली घोंगडी कधी कुणी अंगावर घेतली आहे का? तसंच हे.

तुम्ही काय करणार नाही म्हणा. पण जाणत्या माणसाला माहीत असावं.

मामीला नमस्कार.

सुदर्शन


दौंड
८ जानेवारी २०२५

सुद्या,

तुझ्या लोकरीच्या नादी आम्ही लागलो न्हाई. दुकानात कामं लई हायती. थंडी यंदा बेकार, सकाळी नदीकडनं धुकं असं येतंय की पलीकडचा चहावाला दिसंना. तुझा आवाज मवाळ झालाय, तसाच ऱ्हाऊ दे.

हनुमंत मामा

(यांनी मला आणखी एक गोष्ट लिहू दिली नाही. चांगली आहे, यांचे हेच सांगतील. — मामी)


कोइमतूर
२७ जानेवारी

मामा,

नादी लागला नाहीत? अठरा डिसेंबरला तुम्ही मोटारसायकलवर पारगावच्या पुलावरून वडगावला गेलात. माझ्या पत्राला हसून चहा सांडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईकडून चार किलो लोकर घेतली, तिला सूत काढायला बसवलं, सहा टोप्या विणायला सांगितल्या. आईनं मला फोनवर सांगितलं, तिला वाटलं मला माहीत असेल. तुम्ही तिला म्हणालात, "सुदर्शनचंच काम हाय." सख्ख्या बहिणीला खोटं सांगून, तिच्या हातून, माझ्याच घरच्या मेंढ्यांची लोकर घेऊन, माझीच गोष्ट दुसऱ्यांदा.

मग मी खळ सांगितली.

खळ मुद्दाम सांगितली, मामा. माझ्या टोपीला खळ नाही. विणीनंच ती उभी राहते. खळ देऊन मी इथं एक करून बघितली होती. वाळलेली असेपर्यंत एकदम झकास, तुम्ही मिशीला पीळ दिला असेल. मग दोन सकाळी तिच्यावर नळीनं पाण्याचे तुषार मारले. खळ भिजली, तिला धूळ लागली, आणि तिसऱ्या दिवशी टोपी नव्हती, कुडाला लिंपतात तसला गारा होता. हवा बंद. गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी.

मला माहीत होतं तुम्ही एकदाही विचारणार नाही. लोकर म्हटली की खळ, हे आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि भीमेचं धुकं जानेवारीत येतंच.

किती गाड्यांना लावल्या? कोण कोण दारात आलं? सोपानराव काय म्हणाले? सगळं मामीला सांगा, तिनं सगळं लिहावं, शिव्यांसकट. दसऱ्याला हसलेली माणसं आली होती का ते विशेष करून लिहा.

सुदर्शन


दौंड
६ फेब्रुवारी

सुदर्शन,

आज मी स्वतः लिहितोय. चुकलं तर समजून घे. मामी लिहीना. तुझा कागद वाचला आन् आत जाऊन बसली.

पाच गाड्यांना लावल्या. सहावी आक्काकडंच हाय.

तू म्हणालास दम लागंल. दम लागला आसता तर मी काढून फेकली आसती, चार शिव्या खाल्या आसत्या, मिटलं आसतं. पण टर्बोचं तोंड दाबलं की तो तेल वढतो. सोपानरावची गाडी चौफुल्याला पहाटं बंद पडली, मागनं निळा धूर, आत दीडशे किलो शेवंती. दुपारी टेंपो मिळाला तवर फुलं शिजली. दुसऱ्या दिवशी केडगावची नर्सबाई, भाग्यश्री, तिची गाडी. मग आणखी तीन. पाची टर्बो उघडले, पाचीत तेल, आतली चाकं घासल्याली.

आता ऐक. पाच जणं दुकानात आली ती मला शिव्या द्यायला न्हाई. टोपी हातात धरून इचारत हुती, "ह्यो सुदर्शन कोण?"

टोपीवर नाव तुझं हाय. कापडाची पट्टी, मामीनं पेनानं लिहिलं, आक्कानं त्यावरनं लाल दोऱ्यानं शिवलं. तिला वाचता येत न्हाई तर मामीला इचारत हुती, कुठलं अक्षार कुठं संपतंय. पाची टोप्यांवर. आक्काला मी खोटं बोललो न्हाई. तुझंच काम म्हणून सांगितलं, तुझंच हुतं. तू उलटं धरलंस.

दसऱ्याचं मला कळत न्हाई आसं समजू नको. तोंडानं म्हणाया जमंना. म्हणलं दोऱ्यानं म्हणावं. पत्रात लिहिलं आसतं तर तू म्हणाला आसतास मामा भ्याला. म्हणून मामीला लिहू दिलं न्हाई.

आता शिरूरला रुद्र त्या पाचातली एक टोपी दाखवून सांगतोय, सुदर्शनचा माल मी ठेवत न्हाई. दौंडात पोरं धूर सोडणाऱ्या गाडीला म्हणत्यात, सुदर्शन बसवला काय.

तुझा सत्तावीस तारखेचा कागद माझ्या खिशात हाय. पाच जणांना वाचून दाखवला की मी सुटतो आन् तू ह्या दोन तालुक्यात संपतो. आजून दाखवला न्हाई. आक्काला तर न्हाईच. ती टोपी धुवून बघतीय, म्हणती माझ्याच हातानं काय तरी ऱ्हायलं.

काय करायचं ते तू सांग.

हनुमंत


कोइमतूर
१५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तीन दिवस उघडं ठेवलं होतं. मालकाला विचारलं, तोंड दाबलेला टर्बो तेल का ओढतो. तो म्हणाला, हे तर तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं. शिकवलं असेल.

नाव माझं घातलंत ते मला अजून पटत नाही. चाललं असतं तर दुकान तुमचं, बिघडलं तर नाव माझं, हा हिशोब तुमच्या डोक्यात एका कोपऱ्यात नव्हता असं मामीची शपथ घेऊन सांगा. नाही सांगता येणार. लाल दोऱ्याचं मात्र खरं असेल, ते तुम्हाला रचता येत नाही. म्हणजे दोन्ही खरं. मग मी रागावू कशावर तेवढं सांगत बसू नका, राग मला पुरेसा आहे अजून.

माझा जुना कागद खिशातच ठेवा. तो नका वाचू, त्यात मी खुशीत आहे. खाली वेगळा मजकूर लिहिलाय. हे पत्र पोचल्यावर येईल त्या रविवारी पाचही जणांना दुकानात बोलवा. दसऱ्याला जी जवळची माणसं होती तीही पाहिजेत, रुद्रलाही बोलवा. उभं राहून वाचायचं, बसून नाही. मामी शेजारी उभी राहील. याचीच एक प्रत मी तिला वेगळी पाठवलीय. तुम्ही एक ओळ गाळलीत तर ती ओळ ती वाचेल. हा मजकूर :

"सोपानराव, भाग्यश्रीताई आणि बाकी तिघे. मी सुदर्शन, हनुमंतचा भाचा. तुमच्या गाडीला लावलेल्या टोपीत लोकरीचा दोष नाही आणि जिनं विणली तिचाही नाही. तिला खळ द्यायची हे मी मामाला खोटं सांगितलं. मामाची फजिती व्हावी म्हणून सांगितलं. टर्बो जाईल हे मला कळलं नाही, कळायला पाहिजे होतं. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी असं का केलं ते पण ऐका. तुमच्या गाडीत जो पाईप आहे, ज्यावर हनुमंत पाईप लिहिलंय, तो मी शोधून काढला. मापं माझी, नमुना माझा, दोन हजार तेवीस सालच्या पावसाळ्यात, ह्याच दुकानात मागच्या बाजूला. मामानं तो आपला म्हणून विकला आणि दसऱ्याला पन्नास माणसांत मला पाने पुसणारा म्हणाला. जो हे वाचतोय तोच."

शेवटचं वाक्य वाचताना तुम्ही पाणी प्यायला थांबाल. थांबू नका. तुम्हाला खळीतून सुटायचं असेल तर पाईप कबूल करावा लागेल, आणि पाईप कबूल करून घ्यायचा असेल तर मला खळ कबूल करावी लागते. मी माझा भाग लिहून दिलाय. हे वाचल्यावर मला दौंड-शिरूरमध्ये कोण उभं करेल का, ते मला माहीत नाही. तुम्हाला तरी कोण करतंय ते बघू. तुम्ही माझ्या नावावर खाल्लंत, मी तुमच्या गिऱ्हाइकांवर सूड घेतला, त्यात फुलं सोपानरावांची शिजली.

आईला मी उद्या फोन करतो. तिच्या हातानं काही राहिलं नाही हे मी सांगायचं आहे, तुम्ही नाही. ती ऐकून काय म्हणेल ते म्हणेल. सहावी टोपी तिला तशीच ठेवू द्या. तिला वाटलं तर तिची ती उसवेल.

पाचही टोप्या गोळा करून जाळा. माझ्या नावाच्या पट्ट्या आधी उसवून मामीकडं द्या. पाईपवरची पिवळी स्टिकरं पण त्याच दिवशी खरवडायची, लोकांसमोर, तुमच्या नखांनी. त्यावर माझं नाव लावू नका. कुणाचंच लावू नका.

टर्बो अख्खे बदलायला लागत नाहीत. आतला गाभा बदलला की भागतं, इथला डीलर ८,३०० ला देतो, मी भाव पाडून घेतला. बसवायचं काम तुमचं, मजुरी घ्यायची नाही. सोपानरावांच्या शेवंतीचं तुम्ही भरा. दीडशे किलोचा त्या दिवशीचा बाजारभाव त्यांनाच विचारा आणि घासाघीस करू नका. पाईप वाकवायच्या मशीनसाठी मी चौदा महिने साठवत होतो, ते पासबुक आता मोकळं होईल.

पैसे तुमच्या हातात देणार नाही. रविवारी वाचून झालं, एकही ओळ गळाली नाही, असा मामीचा फोन आला की त्याच मिनिटाला तिच्या खात्यावर टाकतोय. पाच गाड्यांचे मिळून रुपये एक्केचाळीस हजार पाचशे.